ऑइल लाईनचं फिटिंग कितीही आवळा, परत गळतंच? आधी सील नक्की कुठे होतंय ते शोधा

लक्षण बहुतेकांना माहीत असेल. ऑइल कूलरच्या किंवा गिअरबॉक्सच्या कूलर लाईनच्या जॉइंटपाशी तेलाचा ओलावा दिसतो, तुम्ही पुसता, पाना लावून थोडं आवळता, दोन-तीन दिवस सगळं कोरडं, आणि आठवड्याने परत तिथेच थेंब. मग अजून आवळता. मग होज बदलता, मग क्लॅम्प, मग आट्यांवर टेप, मग टेपवर सीलंट, आणि एवढं सगळं करूनही तोच जॉइंट परत ओला. असं तीनदा झालं ना, की समजायचं फिटिंग ढिलं नाहीये, फिटिंग चुकीचं आहे. ढिलं असतं तर पहिल्यांदा आवळल्यावरच थांबलं असतं.

मी स्वतः हे एका गाडीवर चार वेळा भोगलंय. बाहेरून ऑइल कूलर लावलेला होता, कूलरच्या तोंडाला अॅल्युमिनियमचं फिटिंग आणि होजच्या टोकाला पितळी नट, आटे एकदम छान बसायचे, हाताने शेवटपर्यंत जायचे, कुठे अडकणं नाही काही नाही. त्यामुळे फिटिंगवर संशयच आला नाही. होज नवीन घातला, परत गळला. शेवटी नट काढून आतला उतार मार्करने रंगवला, परत बसवला, काढून बघितला, तर रंग सगळीकडून निघायला हवा होता तो फक्त एका कडेला केसाएवढ्या रेघेत निघालेला. म्हणजे दोन उतार एकमेकांना टेकतच नव्हते, फक्त एक धार टेकत होती. एक ३७ अंशांचं होतं आणि दुसरं ४५ अंशांचं. पितळी तुकडा मुळात रेफ्रिजरेशनच्या कामातला होता, तिथे ४५ अंशच चालतात. आटे मात्र दोन्हीचे सेम, म्हणून हात फसला.

तेव्हापासून एकच सवय लावून घेतलीये, कुठलाही जॉइंट हातात आला की पहिला प्रश्न, ह्यात तेल अडवतंय कोण? आटे, उतार, ओ-रिंग की वॉशर? ह्या चारपैकी एकच कोणीतरी ते काम करत असतं आणि बाकीचे फक्त त्याला जागेवर धरून ठेवतात. हे कळलं की टेप कुठे लावायची, कुठे नाही, किती आवळायचं, सगळं आपोआप सुटतं.

पण त्याच्या आधी गळती खरंच त्या जॉइंटचीच आहे का ते बघा, कारण तेल खाली उतरतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे जातं, त्यामुळे जिथे थेंब लटकतोय तिथेच उगम असेल असं अजिबात नाही. सगळा भाग डिग्रीजरने धुवा, कोरडा करा, वरून टाल्कम पावडर भुरभुरा, इंजिन चालू करून गरम होऊ द्या आणि टॉर्च घेऊन वरपासून खाली बघत या. पावडर सगळ्यात वर जिथे काळी पडते तिथे उगम. फार हळू पाझरत असेल तर तेलात घालायचा यूव्ही डाय मिळतो, तो टाकून एक-दोन दिवस गाडी चालवून मग निळ्या लाईटने बघायचं. रंग पण बघा, लालसर असेल तर बहुतेक गिअरबॉक्स किंवा पॉवर स्टीअरिंगचं, तपकिरी-काळं असेल तर इंजिनचं, आणि पातळ पिवळट काहीतरी असून आजूबाजूचा पेंट फुगला असेल तर ब्रेक फ्लुइड. एक गोष्ट कळकळीने सांगतो, पॉवर स्टीअरिंगच्या प्रेशर लाईनवर चालू इंजिनमध्ये बोट फिरवून गळती शोधू नका. तिथे १०० बारच्या आसपास प्रेशर असतं, बारीक भोकातून निघालेली धार कातडीच्या आत शिरते, वरून नुसती टोचल्यासारखी खूण दिसते आणि आत जखम गंभीर असते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, बोट नाही. आणि चुकून लागलंच तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटलला जा.

आता ते चार प्रकार.

उताराचं सील म्हणजे फ्लेअर. नळीचं तोंड नरसाळ्यासारखं फुलवलेलं असतं आणि समोर तसाच उताराचा नाक असलेला तुकडा, नट आवळला की धातूवर धातू दाबला जातो आणि सील तिथे होतं. आट्यांचं काम फक्त दाबायचं. म्हणून इथे टेप लावायची नाही, सीलंट लावायचं नाही, काहीच नाही, आट्यांवर तेलाचा एक थेंब लावा म्हणजे अॅल्युमिनियमचे आटे एकमेकांना चिकटून फाटत नाहीत. टेप लावली तर नट आवळल्यासारखा वाटतो पण उतार नीट दाबलाच जात नाही, आणि टेपचे तुकडे सुटून तेलाच्या बारीक वाटेत जाऊन बसतात ते वेगळंच. परफॉर्मन्स गाड्यांवर जी लाल-निळी एएन फिटिंग दिसतात ती ३७ अंशांची, हायड्रॉलिक मशीनवरची जेआयसी पण ३७ चीच. ४५ अंश म्हणजे एसएई फ्लेअर. डॅश ४ ला (डॅश म्हणजे साईजचा आकडा, खाली सांगतो) दोन्हीचे आटे ७/१६-२०, म्हणजे ७/१६ इंच व्यास आणि इंचाला २० आटे, डॅश ८ ला दोन्हीचे ३/४-१६, डॅश १० ला दोन्हीचे ७/८-१४, म्हणजे नट एकमेकांवर बिनदिक्कत बसतात. डॅश ६ ला मात्र फरक आहे, ३७ वालं ९/१६-१८ आणि ४५ वालं ५/८-१८, तिथे तुम्ही वाचता. बाकी साईजला मार्करवाली टेस्टच करायची, रंगाचा रुंद पट्टा गोल सलग निघाला तर ठीक, एका कडेला बारीक रेघ निघाली तर कोन वेगळा, आणि पट्टा मध्येच तुटलेला दिसला तर तिथे चरा आहे किंवा नळी तिरकी बसतेय.

डॅश म्हणजे काय ते पण इथेच सांगतो, कारण ह्यात खूप गोंधळ होतो. डॅशचा आकडा म्हणजे नळीचा बाहेरचा व्यास, इंचाच्या सोळाव्या भागात. डॅश ६ म्हणजे ६/१६, म्हणजे ३/८ इंच, आपल्या वर्कशॉपच्या भाषेत तीन सूत. डॅश ८ म्हणजे अर्धा इंच, चार सूत. पण तो धातूच्या नळीचा व्यास झाला, आटे मोजायला गेलात तर डॅश ६ चा आटा साधारण १४.३ मिमी भरतो, त्यामुळे व्हर्नियर लावून 'हे तर १४ चं आहे' म्हणून एम १४ × १.५ (मेट्रिक, १४ मिमी व्यास आणि दोन आट्यांत १.५ मिमी अंतर) आणलं तर फसलात. ते जवळजवळ बसतं, दोन-तीन फेरे जातं, मग जड होतं आणि जोर लावला की अॅल्युमिनियम मऊ असल्यामुळे तेच फाटतं.

दुसरा प्रकार आट्यांचंच सील, म्हणजे टेपर आटे, पुढे निमुळते होत जाणारे. ऑइल प्रेशर स्विच, सेन्सर, काही अॅडॅप्टर ह्यांना असतात. इथे आटेच पाचरीसारखे रुतून तेल अडवतात आणि तरीही एक बारीक चक्राकार वाट शिल्लक राहते म्हणून इथे सीलंट लागतं, टेपपेक्षा पेस्टवालं बरं, आणि पहिले एक-दोन आटे कोरडे सोडून लावायचं म्हणजे आत जात नाही. ह्यात दोन घराणी आहेत, अमेरिकन एनपीटी आणि ब्रिटिश बीएसपीटी (पुढे नुसतं बीएसपी म्हणतो), आणि दोन्हीवर नाव एकच लिहिलेलं असतं, १/८, १/४ वगैरे. १/८ ला एनपीटीचे इंचाला २७ आटे आणि बीएसपीचे २८. १/४ आणि ३/८ ला एनपीटी १८, बीएसपी १९. शिवाय आट्याचा कोन पण वेगळा, एकाचा ६० अंश दुसऱ्याचा ५५. १/२ ला तर दोघांचेही १४, म्हणजे मोजून पण कळत नाही, कोनच बघावा लागतो. आणि त्या १/८ नावावर जाऊ नका, बाहेरून मोजलं तर ते १० मिमीच्या आसपास भरतं, बीएसपी ९.७ आणि एनपीटी १०.३, त्यामुळे लोक त्यात एम १० × १ पण घालून बघतात. तिघेही एकमेकांत थोडे थोडे शिरतात हाच सगळा घोळ आहे.

म्हणून तीन फेरे सुद्धा हाताने जात नसेल तर थांबा. पाना लावून पुढे नेऊ नका. साधा पिच गेज (दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, तपासायच्या दातेरी पाती) घ्या, त्याची पात आट्यांवर ठेवून उजेडासमोर धरा, पातीखालून उजेड दिसला की तो पिच नाही. पिच गेज नसेल तर ज्याचा आटा नक्की माहीत आहे असा बोल्ट शेजारी लावून आटे एकमेकांत बसतात का बघा, हे पण चालतं. अजून एक, टेपर फिटिंग अॅल्युमिनियमच्या हाऊसिंगमध्ये गळतंय म्हणून आवळत गेलात तर ते पाचरीसारखं काम करून हाऊसिंगच फोडतं, आणि ती चीर आधी दिसत नाही, गरम झाल्यावर उघडते.

तिसरा प्रकार ओ-रिंगचा. ह्याला ओआरबी म्हणतात, सरळ आटे आणि मुळाशी ओ-रिंग, पोर्टच्या तोंडाला ओ-रिंग बसायला उतरती कड कापलेली असते. इथली मोठी चूक म्हणजे ओआरबीचे आटे आणि ३७ अंशवाल्या फ्लेअरचे आटे त्याच डॅशला सेम असतात. डॅश ६ ओआरबी पण ९/१६-१८ च. त्यामुळे पोर्टमध्ये फ्लेअरचं नाक असलेला तुकडा ओ-रिंगशिवाय सरळ घुसतो, शेवटपर्यंत बसतो, आणि आत उतार टेकायला काहीच नसतं. हा जॉइंट कधीच बंद होणार नाही, जन्मभर आवळा. कूलर, सँडविच प्लेट (ऑइल फिल्टर आणि इंजिनच्या मध्ये बसते ती), फ्युएल पंप ह्यांच्या पोर्टला असं खूप होतं. पोर्टच्या तोंडाकडे बघा, कड घडीव उतरती आणि आत तळाला काही नाही म्हणजे ओ-रिंग हवी. एल्बो असेल ज्याला मागे चेकनट असतो, त्याचा क्रम पण पाळायचा: आधी चेकनट पूर्ण मागे घ्यायचा, मग एल्बो वॉशर टेकेपर्यंत आत, मग हवी ती दिशा येईपर्यंत जास्तीत जास्त एक फेरा मागे, दिशा धरून ठेवायची आणि चेकनट आवळायचा. उलट केलं की ओ-रिंग चेमटते आणि कापली जाते. बसवताना तिला तेच तेल लावा जे आतून वाहणार आहे.

चौथा वॉशरवाला, बँजो. पोकळ बोल्ट, त्याला आडवं भोक, आणि लाईनच्या टोकाला जी गोल कडी असते त्या डोळ्याच्या दोन्ही बाजूला एकेक तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर. वॉशर एकदा दबला की त्याचं काम झालं, परत वापरला तर गळतोच, आणि मग लोक बोल्ट आवळतात आणि पोकळ बोल्ट भोकापाशी तुटतो. वॉशर स्वस्तातली वस्तू आहे, दरवेळी दोन्ही नवीन घाला. रस्त्यात अडकलात तर तांब्याचा वॉशर लाल होईपर्यंत तापवून गार केला की परत मऊ होतो, पण ती तेवढ्यापुरती सोय.

आता फिटिंग बरोबर आहे तरी गळतंय, तर होजकडे वळा. रबर सगळं सारखं दिसतं, सारखं नसतं. कूलंटचा होज ईपीडीएम नावाच्या रबराचा असतो, पाणी आणि ब्रेक फ्लुइडला तो छान, पण पेट्रोलियम तेल लागलं की तो फुगतो, मऊ लिबलिबीत होतो आणि क्लॅम्पखालून सरकतो. 'साईज बसतेय ना' म्हणून रेडिएटरचा होज तेलाच्या रिटर्नला लावलेला मी खूप वेळा बघितलाय आणि तो काही महिन्यांत हमखास सुजलेला असतो. सिलिकॉन दिसायला सुंदर पण तेल आणि पेट्रोल त्यातून आरपार पाझरतं, होज कुठे फाटलेला नसताना अंगावर घाम आल्यासारखं तेल दिसलं तर हे बघा. तेलाला नायट्राइल रबर, साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत. त्याच्या वर, टर्बोजवळ वगैरे, व्हायटनचं अस्तर किंवा टेफ्लॉन. टेफ्लॉन सगळ्यालाच चालतो, तेल, पेट्रोल, ब्रेक फ्लुइड, पण त्याचं फिटिंग वेगळं असतं, आत छोटा ऑलिव्ह, म्हणजे होजला पकडणारी धातूची रिंग, असते. रबरच्या ब्रेडेड होजचं डॅश ६ फिटिंग टेफ्लॉनच्या डॅश ६ होजवर बसत नाही, बसल्यासारखं वाटलं तरी पकड नसते, प्रेशर आलं की होज सॉकेटमधून, म्हणजे फिटिंगचा जो बाहेरचा भाग होजला धरतो त्यातून, मागे सरकतो. हे पकडायला सोपी युक्ती, बसवून झाल्यावर सॉकेटला लागून होजवर टेपची एक रिंग लावा. गाडी चालवून आल्यावर टेप आणि सॉकेटमध्ये फट दिसली म्हणजे होज बाहेर येतोय, तो काढून परत करा, वाट बघू नका.

पुश-ऑन होज, म्हणजे जो खाचा-खाचांच्या बार्बवर नुसता ढकलून बसवतात, त्याच्यावर क्लॅम्प लावायचा नसतो. हे ऐकून विचित्र वाटतं, मला पण वाटलं होतं, पण त्या होजची विणच अशी असते की ओढला की तो स्वतः आवळतो, आणि क्लॅम्प लावला की बार्बची धार आतलं रबर कापते. ज्या होजला क्लॅम्प लागतो तिथे आट्यांच्या खाचा आरपार कापलेला पट्टा टाळा, त्या खाचांतून रबर वर येतं आणि चिरलं जातं, गुळगुळीत पट्ट्याचा आणि कडा वळवलेला घ्या. आणि बार्ब किंवा नळीच्या टोकाला उंचवटा पाहिजेच, सपाट नळीवर क्लॅम्प म्हणजे कधीतरी सुटणारच. प्रेशर लाईनला मात्र, पॉवर स्टीअरिंगच्या पंपाकडून निघणारी लाईन म्हणा किंवा ब्रेक म्हणा, तिथे क्लॅम्प आणि बार्बचा विचारच नको, तिथे क्रिम्प केलेला, म्हणजे टोकं मशीनने दाबून बसवलेला तयार होजच. ब्रेकमध्ये अजून एक सापळा आहे, ३/८-२४ आणि एम १० × १. इंचीवालं मेट्रिक भोकात सैलसर बसतं, आवळलेलं पण वाटतं, आणि जोरात पेडल मारल्यावर आटे सोडतं. तिथे शंका आली तरी दोन्ही तुकडे बदलून एका घराण्यातले करा.

गळण्याची वेळ पण खूप काही सांगते. सकाळी गार असताना गळतं आणि गरम झाल्यावर थांबतं तर बहुतेक रबर आणि क्लॅम्पचा मामला, रबर आकसलेलं असतं आणि कायमचं चपटं झालेलं असतं, तिथे स्प्रिंगचा क्लॅम्प चांगला कारण तो मागोमाग आवळत राहतो. उलट गरम झाल्यावरच गळत असेल तर धातूचा जॉइंट बघा, अॅल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे अॅल्युमिनियमच्या हाऊसिंगमधलं स्टीलचं फिटिंग गरमीत पकड सोडतं, आणि तेलही तेव्हा पातळ झालेलं असतं. आणि फक्त खडबडीत रस्त्यावर गेल्यावरच ओलं दिसत असेल तर होज ताणलेला असणार. इंजिन त्याच्या माऊंटिंगवर हलतं, कूलर बॉडीला पक्का, मधला होज तंग असेल तर प्रत्येक हिसका फिटिंगवर. थोडा झोळ द्या. होजवर लांबीची रेघ छापलेली असते ती बसवल्यावर सरळ दिसली पाहिजे, जिन्यासारखी फिरलेली दिसली तर होजला पीळ पडलाय, आणि तो पीळ हळूहळू नट उलटा फिरवतो. नट आवळताना म्हणूनच दोन पाने, एकाने फिटिंग धरायचं, दुसऱ्याने नट. फिटिंगपासून लगेच वळण नको, तिथे ४५ किंवा ९० अंशाचं टोक घ्या. स्टीलची जाळी असलेला होज कशाला घासत असेल तर तो करवतीसारखा कापतो, दुसऱ्या नळीला, वायरला, रेडिएटरलाही, तेव्हा मध्ये रबरी क्लिप हवीच.

टर्बोच्या खालच्या ड्रेनबद्दल थोडं वेगळं सांगायला पाहिजे कारण तिथे फिटिंग गळत असलं तरी बऱ्याचदा दोष फिटिंगचा नसतो. ती लाईन प्रेशरवर चालत नाही, तेल नुसतं वजनाने खाली येतं आणि ते पण फेसाळलेलं. निमुळता होज, मध्ये खोलगट वळण, किंवा इंजिनखालच्या ऑइल पॅनमधल्या तेलाच्या पातळीखाली तोंड, ह्यातलं काहीही झालं की तेल वर तुंबतं आणि टर्बोच्या सीलमधून व जॉइंटमधून बाहेर पडतं. तिथे डॅश १० पेक्षा लहान घेऊ नका आणि पूर्ण वाट उतरती ठेवा.

होज कापताना जाळीवर घट्ट टेप गुंडाळून बारीक चकतीने काटकोनात कापा, आणि कापल्यावर आतून धुऊन हवा मारा. ही पायरी लोक सोडतात. रबराचा आणि जाळीचा भुगा आत राहिला तर तो थेट बेअरिंगकडे जातो.

सगळं लावून झाल्यावर नट आणि फिटिंगच्या आरपार मार्करने एक रेघ मारा. इंजिन पूर्ण गरम करा, पूर्ण गार होऊ द्या, असं दोनदा करून मग बघा. रेघ जुळलेली आहे आणि जॉइंट कोरडा आहे तर हात लावू नका, उगीच अजून थोडं आवळायचा मोह होतो तो टाळा. रेघ सरकलेली दिसली तर पीळ किंवा ताण आहे, होजची वाट बदला. आणि रेघ जुळलेली असूनही ओलं असेल तर आवळू नका, उघडा आणि मार्करची टेस्ट परत करा.